धर म्हणजे धर

सुजयदादाने लॉक लिहिलं ते त्याच्या गावच्या रीतीने, आणि मी ते खोडलं ते माझ्या गावच्या रीतीने. यावर आमच्या ऑफिसात अजून कुजबुज चालते. चालू दे. मी काही कुणाची माफी मागणार नाही.

आमचं ऑफिस म्हणजे रोह्यात स्टेशनजवळ, हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. सुजयदादा मालक, मी नूतन, आणि आणखी दोघं, जे कायम कुठल्या ना कुठल्या कंपनीत डबा बसवायला गेलेले असतात. डबा म्हणजे एक छोटा कॉम्प्युटर. धाटावच्या कारखान्यांत तो व्हॉल्व उघडतो, बंद करतो, पंप चालू करतो. त्याला काम सांगायला सुजयदादाने फार पूर्वी स्वतःची एक भाषा बनवली. तिचं नाव ओघ. मराठीतच लिहायची: 'टाकी भर', 'व्हॉल्व उघड', 'थांब'. शिफ्टवरच्या ऑपरेटरने लिहिलेली एकेक ओळ वाचून ती डब्याकडून करून घेणारा जो प्रोग्रॅम, त्याला इंटरप्रिटर म्हणतात. तो लिहिणं आणि सांभाळणं हा आमच्या पोटापाण्याचा धंदा. असं काही आमच्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणी केलेलं मी तरी पाहिलं नाही. सुजयदादाबद्दल मला आदर आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल फारसं गोड बोलणार नाही.

ओघ आजवर एका वेळी एकच काम करायचा. पण एका नव्या कारखान्याला दोन कामं एकदम हवी होती. एका टाकीतून ॲसिड न्यायचं, दुसरीतून हायपो, म्हणजे ब्लीचिंगचं तीव्र पाणी. अशा बरोबरीने चालणाऱ्या कामांना थ्रेड म्हणतात. दोन थ्रेड, दोन टाक्या, पण मधला पाइप एकच, पाळीपाळीने वापरायचा. ॲसिड आणि हायपो पाइपात एकत्र आले तर क्लोरीन सुटतो. क्लोरीन म्हणजे काय, ते धाटावात चहावाल्यालासुद्धा माहीत आहे.

म्हणून ओघमध्ये दोन नवे शब्द आले, 'धर' आणि 'सोड'. एका थ्रेडने पाइप धरला की तो सोडेपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. यालाच लॉक म्हणतात. त्या डब्यात तयार लॉक नव्हतं, ते इंटरप्रिटरमध्ये आपलं आपणच लिहायचं होतं. आणि त्या पाइपाच्या शेजारी, व्हॉल्वच्या चाकाला हात लावून ज्याची ड्यूटी लागणार होती तो ऑपरेटर म्हणजे नितेश. माझा सख्खा धाकटा भाऊ.

सुजयदादाचं गाव रोह्याच्या आतल्या बाजूला, कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भात काढणारं. तिथे पाटाचं पाणी आपल्या शेताकडे वळवायचं असलं की बांधावर उभं राहून आधी हाक मारतात, "पानी कोनी घेतलाय क रं?" कुणी ओ दिली नाही तर पाणी आपलं. दोघांनी एकदम हाक मारली तर दोघांनाही एकमेकांची हाक ऐकू जाते. मग हसतात आणि "घे रं तू आदी" म्हणतात. भल्या माणसांची रीत आहे, मी नावं ठेवत नाही. पण सुजयदादाने लॉकमध्ये तीच उतरवली. पाइपासाठी त्याने एक खूण ठेवली. शून्य म्हणजे मोकळा, एक म्हणजे धरलेला. थ्रेडने आधी बघायचं, शून्य आहे का. असलं तर मग तिथे एक लिहायचं.

थ्रेड हसत नाहीत आणि एकमेकांची हाक ऐकत नाहीत. दोघांनी एकाच क्षणी बघितलं तर दोघांनाही शून्य दिसतं. मग दोघंही एक लिहितात, आणि दोघंही पाइप आपलाच समजून व्हॉल्व उघडतात.

मी पेणच्या खारपाटातली. चारी बाजूंनी खाडी, मिठागरं, नजर जाईल तिकडे पाणी, आणि प्यायचा नळ मात्र दिवसाआड. आमच्याकडे कुणी विचारत नाही. हंडा टेकवतात. भांडं टेकलं की नंबर लागला, मग तो हंडा असो, कळशी असो की बुडाला चीर गेलेली बादली. नवी सून पहिल्या दिवशी नुसती नळावर जाऊन बघते, मोकळा दिसला म्हणून हंडा आणायला घरी पळते, आणि परत येते तेव्हा तिथे दुसरीचा हंडा असतो. त्या दुसरीचं काहीच चुकलेलं नसतं. सून दुसऱ्यांदा अशी चूक करत नाही. आमच्याकडे ठेवणं आणि कळणं एकाच हालचालीत होतं. हंडा नळाखाली टेकला तर पाणी तुझं. दुसऱ्या हंड्यावर आपटला तर मागे हो.

मी सुजयदादाला कोड दाखवला. म्हटलं, "दादा, हे बघा, बघणं आणि लिहिणं या दोन ओळींच्या मध्ये दुसरा घुसू शकतो."

"मदे जागा किती हाय?" तो म्हणाला. "डोळा मिटायच्या हजाराव्या हिश्श्याएवढी पन नाय. मी आठवडाभर चालवून बघितलाय. एकदा पन अडकला नाय."

"तुम्ही जुन्या डब्यावर चालवलंत. त्याला कोअर एकच आहे. तो एका वेळी एकाच थ्रेडला हात लावतो, नुसता भराभर बदलतो. नव्या डब्याला चार कोअर आहेत. तिथे दोघं खरोखरच एकदम चालणार."

"मग दाखव ना मना."

तिथेच माझं घोडं अडलं. नवा डबा कारखान्यात होता, आमच्याकडे नव्हता. जुन्या डब्यावर मी खूप खटपट केली. एकदा वाटलं सापडलं, म्हणून नेमकं कुठे घुसतो ते बघायला मध्ये एक ओळ छापायला लावली. छापण्यातच इतका वेळ जायला लागला की दोघांची गाठच पडेना. ओळ काढली तर काय झालं ते कळेना. सुजयदादा माझ्या खुर्चीमागे उभा राहून हे बघत होता, आणि त्याला हसू आवरत नव्हतं.

"भूत हाय ते, तुझ्या डोक्यातला," तो म्हणाला. "तुमा खारपाटातल्या बायांना नळावर भांडायची सवय. इथं कोन हाय भांडायला?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. लहानपणापासून ऐकत आलेय हे. पेणच्या बाजारात ऐकलं, कॉलेजात ऐकलं, आणि आता ज्या भाषेच्या पोटात मी चार वर्षं हात घालून बसलेय तिथेही ऐकायचं. "आम्ही भांडतो ते दुसऱ्याचा हंडा बाजूला सारणारीशी," मी म्हटलं. "आधी टेकवणारीशी कुणी भांडत नाही. आणि तुमच्या लॉकमध्ये दोघी एकाच जागी हंडा ठेवतात आणि दोघींनाही वाटतं आपलाच पहिला."

तो आठवडा मी दुसरं काही केलं नाही. लॉक नव्याने लिहिलं. प्रोसेसरमध्ये अशी एक सूचना असते, तिला अ‍ॅटॉमिक म्हणतात. खुणेच्या जागी आपला एक ठेवायचा आणि तिथे आधी जे होतं ते त्याच दमात हातात घ्यायचं. या दोन गोष्टींच्या मध्ये कुणालाही शिरता येत नाही, दुसऱ्या कोअरलाही नाही. हातात शून्य आलं तर पाइप आपला. एक आलं तर तो आधीच कुणाचा तरी आहे, आपण थांबायचं, आणि थांबताना प्रोसेसरला अडवून न बसता बाकीच्या कामांना वाट द्यायची. 'सोड' म्हटलं की परत शून्य ठेवायचं, आणि तेही ज्याने धरलं त्यानेच. बस. सगळं मिळून एका स्क्रीनवर मावेल एवढंच होतं. लिहून झालं तेव्हा मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, स्वतःचंच कौतुक वाटलं.

सुजयदादाने ते वाचलं. नीट वाचलं, माणूस आळशी नाही. मग म्हणाला, "यात विचारनाच नाय. डायरेक हात घालतोय."

"हवं तर आधी विचारा, दादा. उगाच सारखा हात घालण्यापेक्षा बरंच आहे ते. पण विचारल्याने पाइप तुमचा होत नाही. धरल्यानेच होतो."

त्याला ते लागलं. ओघ त्याने स्वतः, एकट्याने, कुणाची मदत न घेता उभा केला होता, आणि मी त्याच्या कोडमध्ये बोट घालून दाखवत होते. त्याने खुर्ची मागे घेतली. "डेमो तोंडावर आलाय. चालतंय त्याला हात लावायचा नाय. वाटलंच तर धरायच्या आदी जरासा थांबायला लावू. ॲसिडला थोडा, हायपोला जास्त. म्हंजे गाठच पडनार नाय."

"त्याने फट बुजत नाही. फक्त दुसरीकडे सरकते."

"नूतन," तो म्हणाला, आवाज न चढवता, आणि तोच मला जास्त लागला, "तू रंगाचं बघ. स्क्रीन फिकट दिसते. महिपती साहेबांना भडक लागतं."

महिपती साहेब म्हणजे त्या नव्या कारखान्याचे मुख्य. मी मान हलवली आणि जागेवर जाऊन बसले. त्या दिवशी एसटीत नागोठण्यापर्यंत मी खिडकीबाहेर बघत नुसती धुमसत होते. शेजारच्या बाईने विचारलं, बरं वाटत नाय काय. मी म्हटलं, वाटतंय बरं.

पेणला मी आणि नितेश रामवाडीत भाड्याच्या खोलीत राहतो, आई गावी असते. रविवारी सकाळी दोघं चहा घेत बसलो होतो. मी त्याला लॉकबद्दल सगळं सांगितलं. ते नीट समजून घेण्याइतका तो हुशार आहे, माझ्यापेक्षा शांतही आहे. त्याने ऐकून घेतलं आणि कप खाली ठेवला.

"ताय, सुजय दादाला कळत नाय असा हाय का?"

"कळतंय. मानत नाय."

"मग मानेल हलूहलू. तू डेमोला काय काढू नको. ती लाइन चालू झाली की मना परमनंट करनार हाईत. साहेबांनी सोता सांगितलाय. लाइन लांबली तर मी परत ठेक्यावर. आन लाइन कोनी लांबवली तर नितेशच्या भनीनं, असा बोलतील."

"आन पायपात क्लोरीन झाला तर?"

"दरवेळी थोडाच होनार हाय?" तो म्हणाला. "तूच बोललीस, कवातरी. कवातरी तर धाटावात काय पन होतं. तेला भिऊन कोन घरी बसला? गप ऱ्हा गो. माझ्यासाठी गप ऱ्हा."

मला त्याचा राग आला नाही. मला रडूच येत होतं, पण त्याच्यासमोर येऊ दिलं नाही. माझा भाऊ स्वतःच्याच फुप्फुसांचा सौदा करत होता, आणि तो मला शहाणपणा म्हणून समजावून सांगत होता. कायम होण्यासाठी. आमच्या आईने आयुष्यभर मिठागरात पाय कुजवले ते याच शहाणपणाने. मी त्याला एवढंच म्हटलं, "मी गप ऱ्हायची नाय. तू माझ्याशी नाय बोललास तरी चालंल."

तो उठला आणि बाहेर गेला. दोन दिवस खरंच बोलला नाही.

मला सुजयदादाने रंगाचं बघायला सांगितलं होतं. ठीक आहे. मी रंगच बघितले. आमच्या खोलीच्या मागे हिरामणकाकांचा गणपतीचा कारखाना आहे. त्यांच्याकडून लाल आणि निळा रंग मागून आणला. काकांनी विचारलं, कुठल्या मूर्तीला. म्हटलं, पाण्याला. डेमोसाठी आमच्याकडे एक टेबल असतं: दोन छोट्या टाक्या, चार व्हॉल्व, दोन पंप, आणि मधला पारदर्शक प्लास्टिकचा पाइप. एका टाकीत मी लाल पाणी केलं, दुसरीत निळं. लाल पाणी पाइपातून फिरून परत लाल टाकीत येणार, निळं फिरून निळ्या टाकीत, आणि प्रत्येक पाळीनंतर पाइप साध्या पाण्याने धुतला जाणार. सुजयदादाने टेबल बघितलं आणि खूश झाला. "हे बघ, अशा कामाला तुझा डोका चालतो," तो म्हणाला. मी निळ्यात अजून थोडा रंग टाकला.

डेमो धाटावला, त्यांच्याच ट्रेनिंगच्या खोलीत होता. नवा डबा तिथेच भिंतीवर बसवलेला होता, चार कोअरचा. महिपती साहेब आले, समोर खुर्ची ओढून बसले. साधा माणूस, पोट जरा सुटलेलं, सारखं घड्याळाकडे लक्ष. लाइनच्या उद्घाटनाचा दिवस ठरला होता, मुंबईहून मोठी माणसं येणार होती. चालवून दाखवायला ऑपरेटर म्हणून नितेशलाच बोलावलं होतं. तो आला, माझ्याकडे न बघता टेबलापाशी उभा राहिला.

दोन्ही प्रोग्रॅम नितेशनेच लिहिले होते, आणि दोन्हींची पहिली ओळ एकच होती: 'भोंगा वाजताच'. धाटावात दुसरं कुणी काय लिहिणार? शिफ्टचा भोंगा झाला की सगळं सुरू होतं, बस सुटते, हजेरी लागते, पंप लागतात. म्हणजे दोन्ही थ्रेड रोज, प्रत्येक शिफ्टला, अगदी एकाच क्षणी पाइपाकडे धावणार. एरवी दोघांची गाठ पडणं नशिबाचं. इथे गाठ पाडायची व्यवस्था आम्ही स्वतःच करून ठेवली होती. टेबलावरचा खोटा भोंगा मी काही सेकंदांनी सारखा वाजत राहील असा लावला, आणि डब्यात सुजयदादाचं लॉक घातलं. जसंच्या तसं, एक अक्षर न बदलता.

सुरू झालं. पाइप लाल झाला, पांढरा झाला, निळा झाला, पांढरा झाला. महिपती साहेबांना ते फार आवडलं. "हे चांगलं केलंत. डोळ्यांना दिसतं," ते म्हणाले. सुजयदादा त्यांना ओघ समजावून सांगू लागला, आणि खरं सांगायचं तर सुंदर सांगत होता. लाल, पांढरा, निळा, पांढरा. चहा आला. चहा संपला.

"बास नूतन, बंद कर," सुजयदादा म्हणाला.

"नको. चालू राहू दे."

"साहेबांना वेळ नाय."

"साहेबांनी जावं. मी बसते."

सुजयदादाने माझ्याकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर तिने लगेच बंद केलं असतं. मीही करणारच होते, पण कारण वेगळं होतं. मला वाटत होतं, मीच चुकले असेन तर? इतके दिवस शोधत आले, जुन्या डब्यावर सापडलं नाही, इथेही सापडलं नाही, तर मी एका चांगल्या माणसाचं नाव विनाकारण घालवायला बसलेय आणि भावाची नोकरीही. लाल, पांढरा, निळा, पांढरा. महिपती साहेब हसून म्हणाले, "चालू द्या हो, मी एक फोन करतो तोपर्यंत," आणि खिडकीशी जाऊन फोनवर बोलत राहिले.

ते बोलतच होते तेव्हा पाइप जांभळा झाला.

अगदी मधोमध, एका वेळी. दोन्ही व्हॉल्वचे दिवे पेटलेले, दोन्ही पंप चालू, आणि पाइपात जांभळं पाणी. ते लाल टाकीत गेलं, निळ्या टाकीत गेलं, बघता बघता दोन्ही टाक्या एकाच रंगाच्या झाल्या. नितेशने हात पुढे करून मुख्य बटण दाबलं आणि सगळं थांबवलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"पाइपात राहिलेला रंग आसंल," सुजयदादा म्हणाला. तोंडाने तो असं म्हणाला, पण डोळे दोन्ही पेटलेल्या दिव्यांवर होते.

महिपती साहेब काही खुळे नव्हते. फोन खिशात ठेवून ते टेबलापाशी आले, दोन्ही टाक्यांत डोकावले. "हे कितीदा होतं?"

"हजारात एकदा, साहेब," सुजयदादा म्हणाला. खोटं बोलला नाही, अंदाज तेवढाच होता. "धरायच्या आदी थोडा वेळ टाकला तर दहा हजारात एकदा पन नाय होनार."

"माझं लॉक तयार आहे," मी म्हटलं. "त्यात हे होऊच शकत नाही. आत्ता घालते."

महिपती साहेबांनी कपाळ चोळलं. "उद्घाटन पुढच्या आठवड्यात आहे. आता नवीन काही नको, त्याचं पुन्हा सगळं तपासावं लागेल. सुजय, तुम्ही तो वेळ टाका. दोन्ही व्हॉल्व एकदम उघडूच न देणारा लोखंडी इंटरलॉक बसवायचा आहेच पुढच्या फेजला, मग हा प्रश्नच राहणार नाही."

पुढची फेज. धाटावात पुढच्या फेजची वाट बघत माणसं रिटायर झालीत. मी सुजयदादाकडे बघितलं. तो काही बोलेल असं वाटलं, पण तो मान हलवत होता. होय साहेब, करतो साहेब. तो हलवत होता ती मान बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली. ओघ बनवणारा माणूस असा मान हलवतो?

"ठीक आहे," मी म्हटलं. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला, इतका शांत होता. "दहा हजारात एकदा. मग एकच अट आहे. लाइन चालू होईल त्या दिवशी पहिला भोंगा वाजताना पाइपाजवळ नितेश उभा राहणार नाही. सुजयदादा उभा राहील. त्याचंच लॉक आहे, त्याचा त्यावर विश्वास आहे. रोज तीन शिफ्ट, रोज तीन भोंगे. प्रत्येक भोंग्याला तो चाकाला हात लावून उभा राहील, पुढची फेज येईपर्यंत. मी पण राहीन त्याच्या शेजारी. मग टाका वेळ, मला काही म्हणायचं नाही."

"नूतन, हे काय बोलनं झालं," सुजयदादा म्हणाला.

"बोला ना दादा. उभे राहाल का?"

सुजयदादाने जांभळ्या टाकीकडे बघितलं. मग पाइपाकडे. तो भित्रा नाही. नागोठण्याच्या पुरात छातीएवढ्या पाण्यातून चालत जाऊन त्याने एका कंपनीतला डबा वाचवून आणलाय, हे सगळ्या रोह्याला माहीत आहे.

"नाय," तो म्हणाला. "मी नाय उभा ऱ्हानार."

महिपती साहेब घड्याळाकडे बघायचं विसरले होते. मी तयारीत होते. मला आणखी बरंच बोलायचं होतं, खारपाटाबद्दल, रंगांबद्दल, भूत म्हणाला त्याबद्दल. आठवडाभर शब्द साठवले होते.

पण नितेशच बोलला. अजून त्याचा हात त्या बटणावरच होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, साहेबांकडेही नाही. तो सुजयदादाकडे बघत होता, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता. खरोखर न कळून विचारावं तसं त्याने विचारलं.

"मग मी का?"

सुजयदादाने त्याच्याकडे बघितलं. मग तो खुर्चीवरून उठला, कीबोर्ड माझ्या बाजूला सरकवला आणि खुर्ची मला दिली. महिपती साहेबांना म्हणाला, "साहेब, उद्घाटन पुढं ढकला. माझं चुकलंय." साहेब काहीतरी म्हणू लागले, पण त्याने ऐकलंच नाही. तो माझ्या मागे येऊन उभा राहिला, या वेळी हसत नव्हता, आणि मी लिहीत असलेली ओळ न ओळ वाचत होता.

नितेशने जांभळी टाकी दोन्ही हातांनी उचलली आणि बाहेरच्या मोरीत ओतून आला. मग दुसरी. नळाखाली धरून त्याने दोन्ही आतून बाहेरून घासल्या, फडक्याने पुसल्या आणि टेबलावर आणून ठेवल्या.

"ताय, लाल किती टाकू?" त्याने विचारलं.